रमजान तांडेलाने पाहिलेला डोळा

मासा कधी मेला, हे त्याच्या डोळ्यात बघून सांगणारा माणूस म्हणून रमजान होडेकर रत्नागिरीच्या राजिवड्यात प्रसिद्ध होता. डोळा फुगीर आणि काळाभोर असला तर आजचा. दुधाळ झाला असला तर कालचा. आत गेला असला तर माशाकडेच काय, विकणारीच्या तोंडाकडेही बघू नये, असं त्याचं मत. सत्तावीस वर्षं समुद्रावर काढल्यावर मणक्यानं असहकार पुकारला आणि त्याला बोटीवरून उतरावं लागलं. बोटीचा म्होरक्या तो तांडेल. बोट सुटली, पण लोकांच्या तोंडातून तांडेल काही सुटला नाही.

उतरल्यावर नोकरी लागली तीही माशांचीच. शहराबाहेरच्या एका महाविद्यालयात डॉ. दीप्ती तांबे नावाच्या बाई माशांवर संशोधन करतात. त्यांच्या टाक्या धुणं, पाणी बदलणं, खाणं घालणं, मेलेले मासे काढणं, हे रमजानचं काम. पहिल्या दिवशी मासे बघून तो निराश झाला होता. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळे पट्टे. असली मासळी जाळ्यात आली तर घरी सांगायची लाज वाटेल, असं तो बोलून गेला. पण पगार त्याच माशांचा असल्यामुळे महिन्याभरात त्यानं मत बदललं.

काम तसं सोपं होतं. संध्याकाळी नर आणि मादी एकाच डब्यात ठेवून मध्ये पडदा घालायचा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. पाऊण तासात अंडी पडतात आणि डब्याच्या तळाच्या जाळीतून खाली जातात. जाळी कशाला, असं त्यानं विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. रमजाननं विचार केला आणि म्हणाला, म्हणजे जाळी घरोघरी पाहिजे.

स्वतःच्या घरातली गोष्ट मात्र तो तिथे काढत नसे.

त्याचा मुलगा जुनेद दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर. सून मनाल पूर्णगडची. फेब्रुवारी २०२३मध्ये तिला मुलगी झाली. आयात. मुलीला डावा डोळा नव्हता. अधू होता किंवा बारीक होता असं नव्हे; पापणीमागे तो झालाच नव्हता. उजवा ठणठणीत. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सांगितलं की असं क्वचित होतं, कारण सांगता येत नाही, बाकी मुलगी धडधाकट आहे. हे घरात कोणाच्या कानात शिरलं नाही, कारण त्यात कारण नव्हतं.

कारण शोधलं रमजानच्या बायकोनं, अजरानं. आदल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्याला ग्रहण लागलं होतं आणि तो तसाच मावळला होता. ग्रहणात पोटुशी बाईनं काही कापू नये, चिरू नये, सुईसुद्धा हातात धरू नये. राजिवडा काय, मांडवी काय, मशिदीजवळ राहणारे काय आणि देवळाजवळ राहणारे काय, इतकं एकमत या शहरात दुसऱ्या कुठल्या विषयावर नाही. मौलाना दर ग्रहणाला बजावतात की ग्रहणाचा कोणाच्या जन्माशी किंवा मरणाशी संबंध नाही, नमाज पढा. लोक मन लावून ऐकतात, नमाज पढतात, आणि घरी येऊन सुऱ्या उचलून माळ्यावर टाकतात.

त्या दिवशी घरात बांगडे आले होते, एवढं अजराला आठवत होतं. बाळ तीन दिवसांचं असताना इस्पितळाच्या खाटेशी उभी राहून तिनं विचारलं, "तू कापलेस ना ते ग्रहणात?"

मनाल "हो" म्हणाली. विषय संपला.

संपला म्हणजे तिथून सुरू झाला. रमजाननं स्वतः जुनेदला फोन करून कळवलं की तुझ्या बायकोनं ग्रहणात मासळी कापली. चाळीस दिवस भरल्यावर मनाल मुलीला घेऊन माहेरी गेली. तिला आणायला कोणी गेलं नाही. जुनेद दोनदा सुट्टीवर आला आणि दोन्ही वेळा त्याला पूर्णगडला जायला जमलं नाही, जे रत्नागिरीहून एसटीनं जेमतेम तासावर आहे. अशी तीन वर्षं गेली. मग यंदा एप्रिलमध्ये ठरलं की येत्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, जमातीची चार वडीलधारी माणसं रमजानच्या ओटीवर बसतील, जुनेद फोनवर असेल, आणि हे नातं एकदाचं मोडून टाकायचं. भांडण नको, आवाज नको, सगळं समजुतीनं. समजूत काय ती सगळ्यांची आधीच झालेली होती.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, दीप्ती मॅडमची विद्यार्थिनी परीक्षेच्या रजेवर गेली.

मॅडमकडे माशांच्या काही जोड्या अशा होत्या की त्यांच्या चार पिल्लांमागे एकाला डोळे येत नसत. तशी पिल्लं वेगळी काढायची होती. मॅडम म्हणाल्या, "रमजानचाचा, तुमची नजर चांगली आहे. बसा इथे." चौदा महिन्यांत त्या सूक्ष्मदर्शकावरची धूळ त्यानं रोज पुसली होती. आत कधी बघितलं नव्हतं. ते शिकलेल्यांचं काम, असा त्याचा समज होता.

मॅडमनी वेगवेगळ्या वयाच्या अंड्यांच्या चार काचेच्या बश्या मांडल्या. काही टाक्यांतले दिवे त्या मुद्दाम उलट्या वेळी लावत, म्हणजे तिथे संध्याकाळी सकाळ व्हायची आणि मासे फसून अंडी घालायचे. त्यामुळे सगळ्या वयाची अंडी हाताशी असत. अंडं मोहरीएवढं आणि काचेसारखं आरपार. रमजाननं एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला.

पहिल्या बशीतल्या अंड्याला दहा तास झाले होते. आत बलकावर एक पातळ साय धरल्यासारखं काहीतरी. तेच चित्र शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर मोठं दिसत होतं; मॅडमनी तिथे पेन्सिलीचं टोक ठेवलं. हा पुढचा भाग मेंदू होणार, आणि त्यातल्या या पट्ट्यातून डोळे होणार.

"एकच दिसतोय," रमजान म्हणाला.

आधी एकच असतो, मधोमध, मॅडमनी सांगितलं. मग त्याचे दोन भाग होतात. नाही झाले तर मधोमध एकच डोळा घेऊन मासा जन्मतो.

रमजाननं हे गिळलं आणि दुसरी बशी पुढे ओढली. ही अंडी आणखी काही तासांनी मोठी. आता आत मासा आहे असं म्हणता येत होतं; डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळत होतं. आणि त्या डोक्याच्या दोन्ही अंगांना काहीतरी फुगून बाहेर येत होतं, तव्यावरच्या भाकरीला फुगा यावा तसं. आतून.

तो बराच वेळ नळीला चिकटून राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ह्याचा मेंदू बाहेर येतोय."

"हो. तोच डोळा."

"मेंदूतून?"

"डोळ्याच्या आतला पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा, चाचा. भिंग तेवढं वरच्या कातडीतून होतं."

रमजाननं नळीपासून डोकं काढलं आणि स्वतःच्या पापणीला बोट लावून बघितलं. साठ वर्षं त्याची समजूत अशी की डोळा हा सदऱ्याच्या गुंडीसारखा, माणूस तयार झाल्यावर वरून बसवलेला. त्यानं आयुष्यात किती माशांची डोकी कालवणात खाल्ली असतील आणि किती डोळे चोखून थाळीच्या कडेला ठेवले असतील, याला हिशेब नाही. ते सगळं आता मागे जाऊन वेगळं दिसायला लागलं.

तिसऱ्या बशीत एका दिवसाची पिल्लं. डोळे जागच्या जागी, भिंगासकट. चौथीतही एका दिवसाचीच, पण यांना डोळे नव्हते. डोकं मात्र होतं, आणि त्याचा पुढचा भाग, रमजानच्या नजरेनुसार, तिसऱ्या बशीतल्यांपेक्षा भरलेला होता. त्यानं तसं सांगितल्यावर मॅडम खूश झाल्या. विद्यार्थिनीला हे ओळखायला दोन महिने लागले होते. ज्या पेशींचा डोळा व्हायचा, त्या बाहेर पडल्याच नाहीत, मॅडमनी समजावलं. आतच राहिल्या आणि मेंदूच्या पुढच्या भागात मिसळल्या. उलट मेंदूचा जो भाग बघण्याचं काम करतो, तो पुढे बारीक राहणार, कारण त्याच्याकडे डोळ्याकडून जे धागे यायला हवेत ते येणारच नाहीत. डोळा मेंदूतून निघतो, आणि मग मेंदू डोळ्याची वाट बघतो.

रमजाननं विचारलं, "हे कोणी केलं?"

"म्हणजे?"

"डोळे नाहीत ते. कोणी केलं?"

"कोणीच नाही. अंड्यातच एक सूचना चुकीची आली."

"आईनं काही केलं असेल."

"आई त्या पलीकडच्या टाकीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तिला पत्तासुद्धा नाही."

पुढचा प्रश्न रमजाननं नजर बशीवरच ठेवून विचारला. माणसात हे कितव्या महिन्यात होतं? मॅडम बशीवर तारीख लिहीत होत्या. त्यांना आयातबद्दल काही माहीत नव्हतं. मान वर न करता त्या म्हणाल्या की महिना कसला, चौथ्या आठवड्यात डोळे मेंदूतून निघायला लागतात. पुष्कळदा बाईला दिवस राहिलेत हे कळायच्या आधीच.

"पाचव्या महिन्यात?"

"पाचव्या महिन्यात डोळा एक तर असतो, नाहीतर नसतो."

मग त्यांनी हेही सांगितलं की मासा वेगळा, माणूस वेगळा, आणि माणसांत प्रत्येक बाळाची गोष्ट वेगळी असू शकते. शास्त्रज्ञ असं सांगतातच. रमजानच्या कानात ते शिरलं नाही. तो मोजत होता.

तांडेलाला कॅलेंडर लागत नाही. आयात फेब्रुवारीच्या मध्यावर झाली, पूर्ण दिवसांची. जुनेद आंब्याला आला होता, म्हणजे मे. जून लागला तशी मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर चढल्या, आणि त्याच आठवड्यात जुनेद परत गेला. चौथा आठवडा म्हणजे जूनचा मधला. मनालनं तेव्हा कोणाला काही सांगितलं नव्हतं. बहुधा तिलाच ठाऊक नव्हतं. घरात फणसाची भाजी चालू होती. आणि डोळा तेव्हाच झाला नव्हता. ग्रहण लागलं ऑक्टोबर संपताना, बाळ पाच महिन्यांचं असताना. जो डोळा चार महिन्यांपूर्वीच झाला नव्हता, तो सुरीनं कापायचा कसा?

मौलानांनी सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पटलं मात्र ते माशानं सांगितल्यावर. इतकी वर्षं त्यानं दुसऱ्या कोणाचं ऐकलंच नव्हतं.

तो उपड्या बादलीवर बसला. टाकीत सोडलेला नळ चालू राहिला, टाकी भरली, पाणी फरशीवर आलं आणि त्याच्या पायांखालून दाराकडे निघालं. नळ मॅडमनी येऊन बंद केला. बरं वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, बरं आहे. दुपारचा डबा त्यानं उघडला नाही. त्यात सौंदाळा माशाचं कालवण होतं, डोक्यासकट.

संध्याकाळी त्यानं अजराला सगळं सांगितलं. चारही बश्या, एकामागून एक. अजरा काही अडाणी बाई नव्हती. तिनं मध्ये दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. ऐकून झाल्यावर तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "म्हणजे जूनमध्ये झालं."

"हो."

"मग जूनमध्ये काय केलं असेल हो तिनं?"

गुन्ह्याची तारीख बदलली होती, आरोपी तोच होता. आणि रमजानला खरा हादरा बसला तो याचा, की सोमवारपर्यंत त्यानंही हेच विचारलं असतं.

गुरुवारी रजा टाकून त्यानं पावसवरून जाणारी एसटी पकडली. पूर्णगडला मनालच्या माहेरच्या अंगणात जवळा वाळत घातला होता. मनाल त्यातला कचरा निवडत होती आणि शेजारी एक मुलगी बसून जवळ्यातले चुकार मासे वेगळे काढत होती. रमजाननं तिला चाळीस दिवसांची असताना शेवटचं पाहिलं होतं. कोल्हापूरहून तिला बनावट डोळा बसवून आणला आहे, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पण मुलीनं मान वर केली आणि दोन डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्यातला खोटा कुठला हे त्याला, रमजान तांडेलाला, क्षणभर कळलं नाही. मग ती डावीकडे बघायला सगळी मान वळवते हे त्याच्या लक्षात आलं.

"ह्यांच्या चपला दोन वेगळ्या आहेत," आयात आईला म्हणाली.

रमजाननं खाली बघितलं. उजव्या पायात त्याची चप्पल होती, डाव्या पायात अजराची. राजिवड्यापासून इथपर्यंत ना त्याला ते दिसलं होतं, ना एसटीतल्या कोणाला.

मनालनं पाट दिला, पाणी दिलं. येण्याचं कारण विचारलं नाही. उद्या शुक्रवार आहे हे तिलाही माहीत होतं. रमजाननं मग अंड्यांपासून सुरुवात केली. मेंदू कसा बाहेर येतो, चौथा आठवडा म्हणजे काय, जून, ग्रहण, सगळं. वाटेत पाठ केलं असावं. मनाल हात न थांबवता ऐकत होती.

"हे मला ठाऊक आहे, अब्बा," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंनी पाचव्या दिवशीच सांगितलं होतं. अम्मी बाहेर बाकावर होत्या. त्यांना आत बोलावलं, तर म्हणाल्या मला कळलंय सगळं."

रमजाननं पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, तरीपण बांगडे ग्रहणात कापायला नको होते, रीत ती रीत.

मनालचे हात आता थांबले.

"अब्बा, ते बांगडे तुम्ही दुपारी दोन वाजता खाल्लेत. दोन तळलेले आणि एक तिखल्यातला. ग्रहण लागलं पाचच्या सुमाराला. खाल्लेला बांगडा कोण कापील?"

अंगणात कावळा जवळ्यावर उतरला, आयातनं त्याला हाकललं. रमजानला ती दुपार आठवली. म्हणजे ती त्याच्यापाशी होतीच. तीन वर्षं नुसती पडून होती. जेवून तो आडवा झाला होता. पाचच्या आधी अजरानं हलवून उठवलं होतं, उठा, ग्रहण लागेल, सुऱ्या माळ्यावर टाकायच्यात. त्यानंच त्या टाकल्या होत्या. भरती-ओहोटीची वेळ मिनिटांत सांगणारा तो माणूस, आणि दोन आधी की पाच आधी एवढं त्याला बघायचं सुचलं नव्हतं.

"मग 'हो' का म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"नाही म्हटलं असतं तर अम्मींनी दुसरं काही काढलं असतं. सुई काढली असती, कात्री काढली असती, नाहीतर माझ्या आईचं काही काढलं असतं. बांगड्यावर थांबतील असं वाटलं." तिनं जवळ्यातून एक काडी उचलून बाजूला टाकली. "टाके ओले होते, अब्बा. मला झोपायचं होतं."

एवढंच ती बोलली. आरोप करावा तशा सुरात नव्हे. बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. रमजानला दोन शिव्या खाव्या लागल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण ती सोय तिनं ठेवली नाही. घरी चल, असं तो म्हणाला. ती म्हणाली, उद्या मी कुठेच येणार नाही. तुम्ही बसा, आणि चौघांसमोर सांगा. जुनेद फोनवर असताना.

"अंड्यांचं?"

"अंड्यांचं नको. बांगड्यांचं."

शुक्रवारी चौघे आले. सरबत झालं. फोन पाटावर उभा करून ठेवला, त्यात जुनेदचा चेहरा आला. सगळ्यात वयस्कर होते त्यांनी प्रस्ताव मांडायला घसा साफ केला, आणि रमजान उठून उभा राहिला. मणक्यामुळे त्याला उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष गेलं. तो म्हणाला, "ते बांगडे ग्रहणाच्या तीन तास आधी मी खाल्ले. तीन नग. सुनेनं ग्रहणात काही कापलेलं नाही. सुऱ्या माझ्या हातानं माळ्यावर गेल्या होत्या."

चौघे तलाक लिहायच्या तयारीनं आले होते. बांगड्यांचा कबुलीजबाब ऐकण्याची त्यांची काही तयारी नव्हती. कोणीतरी ग्लास खाली ठेवला. फोनमध्ये जुनेद इतका वेळ हलला नाही की लाइन अडकली असं वाटून एकानं बोटानं पडदा हलवून बघितला.

"अब्बा," जुनेद शेवटी म्हणाला, "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"माहीत होतं. बघितलं नव्हतं."

दोह्यात मागे कुठेतरी मशीन चालू होती, तिचा आवाज येत राहिला. जुनेद म्हणाला, "मीपण तिला एकदाही विचारलं नाही." तो चौघांना म्हणाला की आज काही लिहू नका.

सगळ्यात वयस्करांना मात्र हे अर्धवट वाटलं. बांगडे राहू देत, ते म्हणाले, पण मग पोरीच्या डोळ्याचं काय? ती चूक कोणाची? रमजान म्हणाला, कोणाची नाही. बांगड्यांचं ऐकून कोणी दचकलं नव्हतं एवढे सगळे यावर दचकले. तसं कसं असेल, असं एकानं विचारलं. रमजाननं अंड्यांचं सांगायला तोंड उघडलं, मग मिटलं. बैठक उठली. जाताना चौघांतला एकजण दारात थांबला, म्हणाला, माझ्या बहिणीच्या धाकट्याचा ओठ... आणि पुढे न बोलता चपला शोधू लागला.

संध्याकाळी जुनेदनं पूर्णगडला फोन केला. तीन वर्षांनी. काय बोलणं झालं ते रमजानला त्यानं दोन वाक्यांत कळवलं. मेमध्ये येईन तेव्हा सामान राजिवड्याला टाकून आधी तिकडे जाईन. अंगणात बसायचं, बोलायचं, आत बोलावलं तर आत जायचं, असं ती म्हणते.

अजरा चुलीशी पाठमोरी उभी होती.

"आणि मी?" तिनं विचारलं.

"आपल्या दोघांना बोलावलेलं नाही," रमजान म्हणाला.